दोन ठिपके

तिसरा गिअर सुटला तेव्हा गाडी उतारावर होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, इंजिन गाडीला मागे ओढायला लागलं आणि त्याच क्षणी गिअरची दांडी आपली आपण न्यूट्रलमध्ये आली. खट् असा आवाज, आणि गाडी मोकळी सुटली. मी ब्रेक लावून कडेला थांबलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. अडीच महिने रात्री जागून उघडलेली, धुतलेली, मोजलेली आणि पुन्हा बांधलेली गिअरबॉक्सची पेटी होती ती. जुनी घरघर गेली होती, दुसऱ्या गिअरची करकर गेली होती. पण तिसरा सुटणं हा दोष तिच्यात आधी नव्हताच. तो माझ्या हातून आत गेला होता.

गाडी १९६०च्या दशकातली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चार गिअर. माझ्याकडे येण्याआधी ती किती हातांतून गेली हे सांगणारा एकही कागद तिच्यासोबत आला नाही. आली तेव्हाच तिचा गिअरबॉक्स बोलत होता. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये एक जाड घरघर, वेगाबरोबर चढणारी. चौथा टाकला की एकदम शांत. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत बारीक खरखर, आणि क्लच दाबला की तीही बंद.

ही लक्षणं मी एका वहीत लिहून काढली. गिअरबॉक्सच्या बाबतीत निम्मं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं, असं माझं मत आहे. अट एवढीच, की कान देऊन ऐकायचं आणि आधी उत्तर ठरवायचं नाही. चौथा शांत का? कारण या पेटीत चौथा म्हणजे थेट जोड. इंजिनाकडून येणारा शाफ्ट मागे जाणाऱ्या मुख्य शाफ्टला सरळ जोडला जातो. बाकीच्या तिन्ही गिअरमध्ये ताकद खाली उतरते, तळाशी असलेल्या काउंटर शाफ्टवरच्या चाकांमधून जाते आणि पुन्हा वर येते. चौथ्यातही ती खालची चाकं फिरत असतात, पण त्यांच्यावर भार नसतो. म्हणजे तीन गिअरमध्ये रडणारी आणि चौथ्यात गप्प होणारी पेटी काउंटर शाफ्टकडे बोट दाखवत असते. क्लच दाबल्यावर खरखर थांबणं हीही त्याच बाजूची साक्ष: क्लच दाबला की पुढचा शाफ्ट थांबतो आणि त्याच्याबरोबर खालचाही.

दुसऱ्याची करकर मात्र वेगळ्या जातीची. दुसरा टाकताना दाते घासतात असं आपण म्हणतो आणि डोळ्यांसमोर दोन मोठी दातेरी चाकं एकमेकांवर आपटताना येतात. तसं होत नाही. या पेटीत पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात, सतत फिरत असतात. मुख्य शाफ्टवरची चाकं शाफ्टवर मोकळी फिरतात, एवढंच. आपण दांडी हलवतो तेव्हा चाक हलत नाही. शाफ्टवर पक्क्या बसलेल्या मधल्या चाकावरची, म्हणजे हबवरची, एक पोलादी कडी, म्हणजे स्लीव्ह, सरकते आणि चाकाच्या अंगावरचे छोटे दाते पकडून त्याला शाफ्टशी बांधते. दोघांचे वेग जुळले नसतील तर हे छोटे दाते एकमेकांवर खडखडतात. वेग जुळवण्यासाठी मध्ये एक पितळी रिंग असते, सिंक्रो रिंग. ती चाकाच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग एक करते, आणि तो एक होईपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊच देत नाही.

वेग जुळवणारी ही रचना, म्हणजे सिंक्रोमेश, रस्त्यावर आली ती १९२८ साली, कॅडिलॅकच्या गाड्यांमध्ये. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची ती कल्पना. त्याआधी गाडी चालवणाऱ्याला हे काम स्वतःच करावं लागे: क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. पेटी उघडण्याआधी सहा महिने मी दुसरा असाच डबल क्लच करून टाकत होतो. त्याने एक गोष्ट पक्की झाली. वेग पायाने जुळवला की करकर होत नाही, म्हणजे छोटे दाते ठीक आहेत, रिंग थकली आहे.

पेटी खाली उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही. गाडी चारही कोपऱ्यांवर स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, आणि पेटी मागे ओढताना तिचं वजन पुढच्या शाफ्टवर लटकू देऊ नका, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. माझी पेटी तीस किलोच्या आसपास भरली. छातीवर घेऊन उतरवण्याचा विचार मनात आला होता. तो सोडून दिला आणि दुसरा जॅक मागून आणला, हे बरं झालं.

तेल मात्र सावकाश काढलं. पांढऱ्या थाळीत धरलं आणि उन्हात नेलं. काळपट तेलात सोनेरी चमक तरंगत होती, अगदी वर्ख विरघळल्यासारखी. ते पितळ होतं, रिंगांच्या अंगचं. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडा लेप होता आणि लेपात बोटाला टोचणारे बारीक कपचे. लेप असणं साहजिक. पोलादावर पोलाद फिरलं की थोडं झिजणारच. कपचे म्हणजे कुठेतरी पृष्ठभाग सोलला जातोय.

पेटी उघडताना सगळ्यात जास्त दमवतो तो काउंटर शाफ्ट. त्याची चाकं एका अखंड तुकड्यात असतात, आणि तो तुकडा एका कडक पोलादी पिनवर, सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरतो. पिन सरळ बाहेर ठोकली तर ते रोलर पावसासारखे पेटीत सांडतात. म्हणून तिच्यापेक्षा किंचितच बारीक आणि चाकांच्या तुकड्याएवढ्याच लांबीचा एक दांडा आधी तयार करायचा. खरी पिन बाहेर जाते तसतसा तो आत येतो, रोलर त्याच्यावर टेकून राहतात, आणि चाकांचा तुकडा अलगद पेटीच्या तळाशी बसतो. मग वरचा मुख्य शाफ्ट काढायला वाट होते. हा दांडा बनवायला मला एक पूर्ण रविवार लागला आणि तो माझा सगळ्यात समाधानाचा रविवार होता.

पिन बाहेर आली आणि घरघरीचं कोडं सुटलं. एका टोकाला, जिथे सगळा भार एकाच बाजूने येतो, पोलादावर खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. वरचा कडक थर सोललेला. रोलरही त्याच बाजूचे फिक्कट आणि चपटलेले. नख फिरवलं तर प्रत्येक खड्ड्यात अडकत होतं. वहीत जे लिहिलं होतं ते असं बोटाला लागतं तेव्हा होणारा आनंद मला नीट सांगता येत नाही.

मुलगी बारा वर्षांची. दिवा धरायला ती रोज येऊन बसायची, आणि काही दिवसांनी धुण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रॉकेलच्या डब्यात ब्रशने एकेक भाग घासायचा, पुसायचा, जुन्या चादरीवर ओळीने मांडायचा. चादरीवर मी खडूने चौकोन आखले होते.

"बाबा, ह्या कडीवर दोन ठिपके आहेत."

मी पाहिलं. तिसऱ्या-चौथ्याच्या स्लीव्हच्या कडेवर, शेजारी शेजारी, दोन बारीक खळगे.

"ठोकताना पडले असतील. जुनी पेटी आहे ना."

"मग ह्या आतल्या चाकावर पण दोनच कसे?"

मी त्या वेळी मुख्य शाफ्टवरून बेअरिंग ओढत होतो. दोन जबड्यांचा पुलर, दात-ओठ खाऊन फिरवायचा स्क्रू. "ठेव तिथेच, बघतो," म्हणालो. आणि बघितलं नाही.

हब आणि स्लीव्ह ही जोडी असते हे मला ठाऊक होतं. कारखान्यातून येतानाच ती जुळवलेली असते, आणि वर्षानुवर्षं चालून एकमेकांच्या अंगाला आणखी बसते. ती वेगळी करण्याआधी खूण करायची, हा या कामातला पहिल्या इयत्तेचा धडा. पण मी त्या संध्याकाळी स्लीव्ह सरकवली ती आतले तीन बॉल आणि स्प्रिंगा उडतील या काळजीत. हात आणि भाग दोन्ही कापडी पिशवीत घालून सरकवली. बॉल एकही हरवला नाही, त्या समाधानात खूण करायची राहून गेली.

पुढचे सहा आठवडे मोजण्यात गेले. सिंक्रो रिंग हाताने शंकूवर दाबायची आणि तिच्या व चाकाच्या दातांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. माझ्या मॅन्युअलमध्ये किमान ०.५ मिलिमीटर दिलं होतं. दुसऱ्याच्या रिंगला ०.३ आलं. रिंगच्या आतल्या बाजूला धाग्यासारख्या बारीक रेषा असतात. शंकूवरचा तेलाचा पापुद्रा कापायचं काम त्यांचं. या रिंगच्या रेषा पार मिटल्या होत्या, आतून आरशासारखी गुळगुळीत. हाताला छान लागणारा तो गुळगुळीतपणाच दुसऱ्याच्या करकरीचं मूळ होता.

काउंटर शाफ्टच्या दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर असतात, म्हणजे मागे-पुढे सरकणं रोखणाऱ्या चकत्या. ते बसवल्यावर चाकांचा तुकडा मागे-पुढे किती हलावा, तर ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर. आपला केस त्याच सुमाराचा असतो. मी चार वेगळ्या जाडीचे वॉशर घासूनपुसून, बदलून बघत होतो, आणि तेव्हा लक्षात आलं की आत असलेला एक वॉशर मूळचा नाहीच. मूळचा असता तर दोन्ही बाजूंना सारखी चमक असती. ह्याची एक बाजू कोणीतरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकारात फिरवून, जाडी उतरवत आणली होती. त्या आठाच्या बारीक रेषा तिरप्या उजेडात अजून दिसत होत्या. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी ही पेटी उघडली होती आणि दोन शतांश मिलिमीटरसाठी वेळ दिला होता.

मग मी त्या माणसाला शोधायला लागलो. वरच्या झाकणाखालचं पॅकिंग कंपनीचं नव्हतं. जाड कागदाचं, घरी कापलेलं. कागद झाकणावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेलं की कागद कडेवरच तुटतो, कात्री लागत नाही. तशा ठोकलेल्या कडेला एक दबकेपणा असतो. भोकंही तशीच, बॉल ठेवून ठोकलेली. मी नवीन पॅकिंग त्याच पद्धतीने कापलं. पहिली दोन फाटली.

बांधणीत घाई केली नाही. पेटीचं कवच ॲल्युमिनियमचं. ते उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. कवच गरम हवेने तापवलं, बेअरिंग थंड ठेवलं, आणि ते हाताच्या दाबानेच जागेवर गेलं. शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर फक्त आतल्या कडीवर द्यायचा. बाहेरच्या कडीवर ठोकलं तर तो घाव बॉलमधून जातो, कडीत बारीक डाग पाडतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं होतं. मग नवी पिन, नवे रोलर ग्रीसमध्ये चिकटवून, नव्या रिंगा. दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यांच्या, म्हणजे फोर्कच्या, दांड्यांमध्ये असलेले छोटे लॉक, प्रत्येक दांडीला जागेवर धरणारे बॉल आणि त्यांच्या स्प्रिंगा. टेबलावर पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. पहिल्यात साडेतीन फेऱ्यांना मागचा शाफ्ट एक फेरा, चौथ्यात एकास एक. सगळं गोड फिरत होतं. भार नसताना गिअरबॉक्स खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

आणि मग तो उतार.

घरी येऊन पुन्हा वही काढली. गिअर सुटण्याची कारणं बाहेरून आत जात लिहिली. इंजिन किंवा पेटी ज्यांवर टेकते ते रबरी माउंट दबले असतील तर पाय सोडताना सगळी पेटीच हलते आणि दांडी ओढली जाते. माउंट नवे होते. दांडीभोवतीचं रबर तिला पूर्ण जाऊ देत नसेल. रबर काढून गाडी चालवली, तरी सुटला. पेटीचे पुढचे बोल्ट ढिले? नाहीत. मग आतली कारणं: बॉलखालची स्प्रिंग मऊ, फोर्क झिजलेला, किंवा छोट्या दात्यांच्या कडा गोल झालेल्या. स्प्रिंग मीच बदलली होती. फोर्कची जाडी मोजली होती. दाते भिंगातून पाहिले होते.

वहीत एक ओळ मी लिहिली नाही, कारण ती तक्रार वाटत नव्हती. चौथा आता आधीपेक्षा किंचित लवकर पडायचा. दांडी पूर्ण मागे जायच्या आधीच पकड यायची. मला वाटलं नव्या रिंगेची करामत. तिसऱ्यात कमी आणि चौथ्यात जास्त: हे दोन्ही शेजारी मांडले असते तर पेटी उतरवण्याआधीच उत्तर मिळालं असतं. एकाच स्लीव्हची ती दोन टोकं आहेत.

दुसऱ्यांदा पेटी चार दिवसांत खाली आली. हातांना वाट माहीत झाली होती. वरचं झाकण काढलं, तिसरा टाकला आणि व्हर्नियर आत घातला. स्लीव्हने तिसऱ्याच्या छोट्या दात्यांना फक्त २.५ मिलिमीटर झाकलं होतं. चौथा टाकला: ५.५. दोन्हीकडे सारखे, चार-चार हवे होते. जोर पुढे असताना अडीच मिलिमीटरची पकडही टिकते. पाय सोडला की जोर उलटा होतो, दाते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातात, आणि त्या क्षणी एवढी उथळ पकड कडेवरून घसरते.

मुख्य शाफ्ट बाहेर आला. स्लीव्हच्या मधोमध फोर्क बसायची खाच असते. मधोमध, असं मी समजत होतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा मोजल्या: एक ९, दुसरी १०.५ मिलिमीटर. फोर्क दोन्ही वेळी आपल्या ठरलेल्या जागीच थांबत होता, पण स्लीव्ह उलटी बसल्यामुळे दीड मिलिमीटर चौथ्याकडे सरकलेली होती. तिकडे दीड जास्त, इकडे दीड कमी.

मुलगी दिवा धरून होती. हबवरचे दोन ठिपके पुढच्या बाजूला होते. स्लीव्ह फिरवून पाहिली, तिचे दोन ठिपके मागच्या बाजूला.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही, तिला आठवलं म्हणून.

"हो. तू बरोबर होतीस."

तेवढ्यावर ती थांबली नाही. दिव्याखाली स्लीव्ह धरून तिने ठिपके मोजले, त्यांचं अंतर पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केले?" मला सांगता आलं नाही. खूण पाडायचा पंच टोकदार असावा आणि हात स्थिर, कारण चारही ठिपके सारख्या खोलीचे होते. वॉशर घासणारा आणि कागद ठोकून पॅकिंग कापणारा हाच असेल, असं मी मनाशी धरलंय. कदाचित त्यालाही एकदा उतारावर तिसरा सुटल्याचा अनुभव आला असेल. कदाचित तो नुसताच नीटनेटका असेल. आपल्यानंतर ही पेटी पुन्हा कोणीतरी उघडेल आणि त्याला विचारायला आपण तिथे नसू, एवढं तरी त्याने नक्की धरलं होतं. त्याने लिहिलेली चिठ्ठी माझ्या चादरीवर दोन महिने पडून होती, आणि ती वाचली फक्त मुलीने.

ठिपक्याला ठिपका लावला आणि स्लीव्ह हबवर सरकवली. पहिल्या वेळी मला तिला थोडं हलवून, पटवून बसवावं लागलं होतं. ते मी नव्या भागांचं घट्टपण समजलो होतो. या वेळी ती स्वतःच्या वजनाने खाली गेली.

पहिल्या-दुसऱ्याच्या हबवर खूण नव्हती. पेटी बंद करण्याआधी मी पंच घेतला, जोडी आहे त्याच जागी धरली आणि हबवर तीन, स्लीव्हवर तीन ठिपके पाडले. दोन नाहीत, म्हणजे पुढच्या माणसाच्या हातून दोन जोड्यांची गल्लत होणार नाही. पंच मुलीने धरला, हातोडी मी मारली.

तेलाबद्दल एवढंच, कारण इथे जुन्या पेट्यांचं नुकसान होताना मी पाहिलंय. नवं आणि महाग तेल चांगलंच असेल असं समजून लोक जीएल-५ या दर्जाचं गिअर ऑइल ओततात. ते मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलसाठी उत्तम, पण त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात, आणि त्याचा निसरडेपणा रिंगेला शंकू पकडू देत नाही. माझ्या मॅन्युअलने मागितलं होतं ते जीएल-४, तेच भरलं.

त्याच उतारावर पुन्हा गेलो. मुलगी शेजारी होती. तिसरा टाकला, वेग घेतला आणि पाय काढला. इंजिनाने गाडी मागे धरली. दांडीवर मी हात ठेवला नव्हता. ती थोडी थरथरली आणि जागेवर राहिली. खाली जाऊन वळलो, वर आलो, पुन्हा उतरलो. पाच वेळा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल काढलं. पांढऱ्या थाळीत, उन्हात. नव्या रिंगा बसताना थोडं पितळ येणारच, ते आलं होतं, पण पूर्वीचा वर्ख नव्हता. बुचाच्या चुंबकावर करडा लेप होता, काजळासारखा मऊ. मुलीने तो दोन बोटांत घेऊन चोळला आणि म्हणाली, "टोचत नाहीये."

मग मीही चोळून पाहिला. टोचत नव्हता.